सुरक्षिततेच्या दृष्टीने कळीच्या सॉफ्टवेअरमधील आवश्यकतांचा मागोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाचे उड्डाण-नियंत्रण, मोटारीचे ब्रेक, रेल्वेचे सिग्नल, रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा पंप अशा यंत्रणांमधले सॉफ्टवेअर चुकले तर माणसे दगावू शकतात. म्हणून त्या सॉफ्टवेअरकडून काय अपेक्षित आहे हे कोड लिहिण्याच्या आधी वाक्यावाक्याने लिहून काढले जाते. या लेखी अपेक्षांना इथे 'आवश्यकता' म्हटले आहे, कामाच्या ठिकाणी त्यांना सर्रास 'रिक्वायरमेंट' म्हणतात. 'ट्रेसेबिलिटी'साठी 'मागोवा' हा शब्द वापरला आहे. खालचे प्रश्न या कामात नव्याने आलेल्या अभियंत्यांचे आणि टेस्टरांचे आहेत. काही वैतागलेल्या प्रकल्प-व्यवस्थापकांचेही आहेत.

मागोवा म्हणजे नेमके काय?

एखादी आवश्यकता कोणत्या धोक्यातून किंवा कोणाच्या मागणीतून जन्माला आली, डिझाइनच्या कोणत्या भागाने ती उचलली, कोडमध्ये ती कुठे उतरली आणि ती पूर्ण होते हे कोणत्या चाचणीने दाखवले, हे पुढे जातानाही आणि मागे येतानाही शोधता येणे म्हणजे मागोवा. ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन यांनी १९९४ साली या विषयावर मांडलेल्या निबंधात एक फरक दाखवला होता, तो आजही उपयोगी पडतो : आवश्यकता दस्तऐवजात येईपर्यंतचा तिचा प्रवास वेगळा आणि दस्तऐवजात आल्यानंतरचा वेगळा. नंतरच्या प्रवासासाठी साधने आहेत, तक्ते आहेत, मानके आहेत. आधीचा प्रवास, म्हणजे हे वाक्य मुळात कोणी आणि कशाच्या भीतीने लिहिले हा भाग, बहुतेक ठिकाणी बैठकीला हजर असलेल्या दोन-तीन माणसांच्या डोक्यात राहतो आणि ती माणसे दुसऱ्या कामावर गेली की त्यांच्याबरोबरच निघून जातो. माझ्या मते मागोव्याची बरीचशी दुखणी तिथली आहेत.

एखादे उदाहरण घेऊन हे समजावता येईल का?

औषध सोडणारा पंप घेऊ. नळीतला हवेचा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरणे हा इथला धोका. धोक्यांच्या विश्लेषणातून सिस्टिमच्या पातळीवर एक आवश्यकता निघते आणि तिला 'सिस-४१' असा क्रमांक मिळतो : ठरावीक आकारापेक्षा मोठा बुडबुडा सेन्सरसमोर आल्यापासून ५०० मिलिसेकंदांच्या आत पंपाची मोटर थांबली पाहिजे. हे आणि पुढचे आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत.

सॉफ्टवेअरच्या वरच्या पातळीवर या एका वाक्याची दोन वाक्ये होतात. 'सॉफ्ट-११२' म्हणते की बुडबुडा ३०० मिलिसेकंदांच्या आत ओळखला पाहिजे. 'सॉफ्ट-११३' म्हणते की ओळखल्यानंतर ५० मिलिसेकंदांच्या आत मोटर थांबवण्याचा आदेश सुटला पाहिजे. उरलेले १५० मिलिसेकंद मोटर प्रत्यक्ष थांबण्यासाठी आहेत आणि ते हार्डवेअरच्या वाट्याला जातात. एक पायरी आणखी खाली उतरले की 'सॉफ्ट-११२'खाली दोन बारीक आवश्यकता दिसतात : सेन्सर दर २० मिलिसेकंदांनी वाचावा, आणि लागोपाठ पाच वाचनांत हवा दिसली तरच बुडबुडा आहे असे मानावे. पाच वाचने म्हणजे जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद, तेव्हा ३०० च्या मर्यादेत हे आरामात बसते. या दोन आवश्यकतांपासून पुढे कोडमधल्या फंक्शनपर्यंत, फंक्शनपासून चाचणीपर्यंत आणि चाचणीपासून तिच्या निकालापर्यंत दुवे असतात.

हा पंप पुढेही लागणार आहे.

दोन्ही दिशांनी दुवे का ठेवायचे? एका दिशेने भागत नाही का?

वरून खाली येताना राहिलेले सापडते : आवश्यकता आहे पण कोड नाही, किंवा कोड आहे पण चाचणी नाही. खालून वर जाताना नको ते सापडते : कोड आहे, पण तो कोणी मागितला होता याचा पत्ता नाही. कोणीतरी उत्साहाच्या भरात घातलेली सोय, मागच्या उत्पादनातून तशीच आलेली फाइल, तपासणीसाठी उघडून ठेवलेली आणि पुन्हा बंद न केलेली मागची वाट या गोष्टी वरून खाली पाहिल्यावर कधीच दिसत नाहीत, कारण वरच्या यादीत त्यांचे नावच नसते. सुरक्षिततेच्या कामात हा दुसरा प्रकार जास्त बोचतो, कारण जे कोणी मागितले नाही त्याच्या धोक्यांचा विचारही कोणी केलेला नसतो.

मानके याबाबत काय मागतात?

प्रत्येक क्षेत्राची भाषा वेगळी असली तरी मागणी सारखीच आहे. नागरी विमानांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी या डिसेंबर २०११ च्या दस्तऐवजात ए ते ई अशा पाच पातळ्या आहेत. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने विमानच जाऊ शकते ते ए पातळीत येते आणि त्याला ७१ उद्दिष्टे पूर्ण करावी लागतात. बी पातळीला ६९, सी ला ६२, डी ला २६, तर ई पातळीला एकही नाही. मागोव्याची खोलीही त्याच क्रमाने वाढते. डी पातळीवर सिस्टिमच्या आवश्यकतांपासून सॉफ्टवेअरच्या वरच्या पातळीच्या आवश्यकतांपर्यंत आणि तिथून त्यांच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले तरी पुरते. सी आणि तिच्या वरच्या पातळ्यांवर दुवे खालच्या पातळीच्या आवश्यकतांमधून सोर्स कोडपर्यंत न्यावे लागतात. ए पातळीवर तर कंपाइलरने (सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेतल्या ऑब्जेक्ट कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) स्वतःहून निर्माण केलेल्या आणि सोर्स कोडशी थेट जुळवता न येणाऱ्या ऑब्जेक्ट कोडचीही वेगळी पडताळणी करावी लागते.

मोटारींसाठीच्या आयएसओ २६२६२ मध्ये (पहिली आवृत्ती २०११, दुसरी २०१८) साखळीचे वरचे टोक सुरक्षा-उद्दिष्ट हे असते; त्यातून कार्यात्मक, मग तांत्रिक आणि शेवटी हार्डवेअर व सॉफ्टवेअरच्या सुरक्षा-आवश्यकता निघतात. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीचे आयईसी ६२३०४ हे २००६ चे मानक मला या बाबतीत सर्वांत सरळ वाटते, कारण ते मागोवा थेट धोक्यापासून सुरू करते : धोकादायक परिस्थिती, तिला कारणीभूत होऊ शकणारा सॉफ्टवेअरचा भाग, त्यातले नेमके कारण, ते रोखण्याचा उपाय आणि त्या उपायाची पडताळणी. उद्योगांसाठीच्या आयईसी ६१५०८ च्या २०१० च्या आवृत्तीत पुढचा आणि मागचा मागोवा ही तंत्रे म्हणूनच नोंदवलेली आहेत आणि वरच्या दोन सुरक्षा-पातळ्यांसाठी त्यांची जोरदार शिफारस आहे.

साधित आवश्यकता म्हणजे काय, आणि तिच्याबद्दल इतका काटेकोरपणा कशासाठी?

वरच्या कोणत्याही आवश्यकतेतून थेट न निघालेली, पण डिझाइन करताना घालावी लागलेली आवश्यकता म्हणजे साधित किंवा 'डिराइव्हड' आवश्यकता. तिला वर दुवा नसतो आणि नेमके म्हणूनच अनेकांना ती गैरसोयीची वाटते. मग कुठलीतरी जवळपासची वरची आवश्यकता शोधून तिला ओढूनताणून जोडले जाते, तक्त्यातली रिकामी जागा भरते आणि सर्वांना हायसे वाटते. हे करू नये.

आपल्या पंपातली 'लागोपाठ पाच वाचने' ही अट पाहा. ती 'सिस-४१'मध्ये कुठेच नव्हती. सेन्सरच्या एखाद्या चुकीच्या वाचनाने पंप उगीच थांबू नये म्हणून ती डिझाइन करणाऱ्याने घातली. हेतू चांगला आहे, पण तिचा परिणाम सुरक्षिततेवर होतो. नळीत एकसंध बुडबुड्याऐवजी फेसासारखी हवा आली तर सेन्सर चार वेळा हवा, एकदा द्रव, पुन्हा चार वेळा हवा असे दाखवील, दर वेळी मोजणी शून्यावर जाईल आणि पंप चालूच राहील. डिझाइन करणाऱ्याला हे सुचले नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फेसाचा धोका ओळखणे हे धोक्यांचे विश्लेषण करणाऱ्यांचे काम आहे. पण त्यांना अशी अट घातली गेली आहे हे कळले तरच ते ओळखतील. म्हणूनच डीओ-१७८सी प्रत्येक साधित आवश्यकता तिच्या कारणासह सिस्टिमच्या आणि सुरक्षा-मूल्यांकनाच्या प्रक्रियेकडे परत पाठवायला सांगते. वरचा दुवा खोटा जोडला की ही परत पाठवणी होतच नाही.

सगळे दुवे भरले असतील तरीही गंभीर चूक राहू शकते का?

राहू शकते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण मंगळावर आहे. नासाचे मार्स पोलर लँडर हे यान ३ डिसेंबर १९९९ रोजी मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरताना हरवले. उतरतानाची माहिती यानाकडून येण्याची सोयच नव्हती, त्यामुळे कारण सिद्ध करता आले नाही, परंतु चौकशी मंडळाने २००० साली सर्वांत संभाव्य म्हणून जे कारण दिले ते मागोव्याच्या कामात असलेल्या प्रत्येकाने बारकाईने वाचावे असे आहे.

यानाच्या तीन पायांवर जमीन लागल्याचे कळवणारे सेन्सर होते. पाय सुमारे १,५०० मीटर उंचीवर उघडणार होते आणि उघडतानाच्या झटक्याने हे सेन्सर क्षणभर 'जमीन लागली' असा खोटा संकेत देऊ शकतात हे चाचण्यांतून माहीत होते. सिस्टिमच्या पातळीवर त्यासाठी आवश्यकताही होती : पृष्ठभागापासून ठरावीक उंचीवर येईपर्यंत सेन्सरची माहिती वापरायची नाही. पण ती उंची कोणत्या संकटापासून वाचवण्यासाठी आहे हे त्या वाक्यात लिहिलेले नव्हते. सॉफ्टवेअरच्या आवश्यकतांपर्यंत येताना हे झाले की सेन्सर सेकंदाला १०० वेळा वाचत राहायचे, लागोपाठ दोन वाचनांत संकेत आला तर तो धरायचा आणि सुमारे ४० मीटरवर आल्यानंतर त्यावर कृती करायची. पाय उघडतानाचा क्षणिक संकेत पुसून टाकायचा असतो हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कोणी सांगितलेच नाही. म्हणून वर १,५०० मीटरवर नोंदलेला खोटा संकेत स्मृतीत तसाच राहिला असणार, ४० मीटरवर कृतीची परवानगी मिळताच सॉफ्टवेअरने तो खरा मानला असणार आणि इंजिने बंद केली असणार. तिथून यान सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने जमिनीवर आदळले, असा मंडळाचा हिशेब आहे.

चाचणीनेही हे पकडायला हवे होते. पाय उघडण्याची चाचणी झाली तेव्हा सेन्सरची वायरिंग चुकीची होती, त्यामुळे खोटा संकेत दिसलाच नाही. वायरिंगची चूक सापडल्यावर ती दुरुस्त झाली, सेन्सर पुन्हा तपासले गेले, पण पाय उघडण्याची चाचणी पुन्हा केली गेली नाही.

या यानाच्या कागदांमध्ये वरच्या आवश्यकतेपासून खालच्या आवश्यकतेपर्यंत बोट फिरवता येते. वाक्य खाली उतरले. ते वाक्य ज्या भीतीपोटी लिहिले होते ती भीती मात्र वरच राहिली.

मग दुव्याबरोबर आणखी काय लिहावे?

कारण लिहावे. प्रत्येक दुव्यावर निबंध लिहिण्याची गरज नाही. सुरक्षिततेशी संबंध असलेल्या दुव्यावर एक-दोन वाक्ये पुरतात. 'पाय उघडताना सेन्सर खोटा संकेत देतात, तो विचारात घेतला जाऊ नये म्हणून' एवढे लिहिलेले असते तर खालच्या माणसाने वेगळा कोड लिहिला असता आणि टेस्टरला वेगळी चाचणी सुचली असती.

कारण लिहिण्याचा दुसरा फायदा जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रणेत नेताना दिसतो. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुरुवातीच्या सुमारे ३७ सेकंदांतच फसले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला एक भाग एरियान-४ मधून आला होता. उलटी मोजणी शेवटच्या क्षणी थांबवावी लागली तर यंत्रणेची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागू नये म्हणून हा भाग उड्डाणानंतरही काही काळ चालू राहत असे. एरियान-५ ची तयारीची पद्धत वेगळी होती आणि तिथे या सोयीची गरज नव्हती, तरीही भाग तसाच राहिला. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षा झपाट्याने वाढत होता, त्यामुळे ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही आणि मुख्य व राखीव दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. अशा सात संख्यांपैकी चार संरक्षित होत्या, तीन मुद्दाम तशाच सोडल्या होत्या आणि त्या का सोडल्या याचे स्पष्टीकरण कोडमध्ये कुठे सापडले नाही, असे चौकशी अहवाल सांगतो. आवश्यकतेशेजारी 'एरियान-४ ची मोजणी थांबल्यास' एवढे शब्द असते, तर नव्या प्रकल्पातल्या कोणीतरी ते वाचून हे आपल्याला लागू आहे का, असा प्रश्न विचारला असता.

आवश्यकता बदलली की काय करावे?

बदललेल्या आवश्यकतेला जोडलेले सगळे दुवे संशयित मानावेत. बहुतेक साधने हे आपोआप करतात. वरचे वाक्य बदलले की खालच्या दुव्यांवर खूण उमटते आणि माणसाने पाहून ती काढेपर्यंत तशीच राहते. त्या खुणा न वाचता एकगठ्ठा काढून टाकणे ही या क्षेत्रातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक सवय आहे.

खालून झालेला बदलही तितकाच धरावा. समजा आपल्या पंपाच्या प्रोसेसरवर ताण येतो म्हणून कोणी सेन्सर वाचण्याचा काळ २० वरून ८० मिलिसेकंद केला. 'लागोपाठ पाच वाचने' या आवश्यकतेची चाचणी अजूनही पास होते, कारण ती फक्त पाच मोजते. पण पाच वाचनांना आता ४०० मिलिसेकंद लागू शकतात, 'सॉफ्ट-११२'ची ३०० ची मर्यादा मोडते आणि बेरीज ६०० होऊन 'सिस-४१'ही कोसळते. हे दिसण्यासाठी वर जाणारा दुवा चालून पाहावा लागतो.

बदल पुन्हा सुरक्षा-मूल्यांकनापर्यंत पोहोचला नाही तर काय होते याचे अलीकडचे उदाहरण बोइंग ७३७ मॅक्स विमानाचे आहे. विमानाचे नाक आपोआप खाली आणणाऱ्या एमकॅस या प्रणालीने शेपटीचा आडवा पंख एका वेळी ०.६ अंशांपर्यंत फिरवावा अशी सुरुवातीची मर्यादा होती. कमी वेगातही ती उपयोगी पडावी म्हणून नंतर ती २.५ अंशांपर्यंत वाढवली गेली. अमेरिकेच्या विमान-नियामकाकडे गेलेल्या सुरक्षा-मूल्यांकनाच्या कागदांत जुना आकडाच राहिला होता, हे पुढे उघड झाले. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे मरण पावली. त्या अपघातांची कारणे अनेक आहेत आणि मागोवा हे त्यातले एकमेव कारण मानणे चुकीचे ठरेल. पण आकडा बदलला की त्याच्यावर उभे असलेले मूल्यांकन संशयित ठरते, हा साधा नियम इथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

कोड कव्हरेज १०० टक्के असेल तर वेगळा मागोवा कशाला?

कव्हरेज कोडच्या किती ओळी किंवा फांद्या चालल्या ते सांगते. जो कोड लिहायचा राहून गेला त्याबद्दल ते गप्प असते. शिवाय कव्हरेजला अर्थ येतो तो चाचण्या आवश्यकतांवरून लिहिल्या असतील तरच. कोड समोर ठेवून, प्रत्येक फांदीत शिरेल अशी चाचणी लिहिली तर १०० टक्के सहज गाठता येतात आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. योग्य क्रम असा की आवश्यकतांवरून लिहिलेल्या चाचण्या चालवाव्यात आणि मग कोडचा कोणता भाग चालला नाही ते पाहावे. न चाललेल्या भागाचा अर्थ चारांपैकी एक असतो : चाचणी राहिली आहे, आवश्यकता लिहायची राहिली आहे, तो कोड मेलेला (कधीच चालू न शकणारा) आहे, किंवा तो या रचनेपुरता मुद्दाम बंद ठेवलेला आहे. चारही गोष्टींचे उत्तर मागोव्यातच शोधावे लागते.

दुवे किती बारीक असावेत? कोडच्या ओळीपर्यंत न्यावेत का?

बहुतेक प्रकल्पांत फंक्शनपर्यंत नेले तर पुरते. ओळीपर्यंतचे दुवे पहिल्या फेरबदलातच मोडतात आणि ते दुरुस्त करण्यात जाणारा वेळ आढाव्यातून कापला जातो. उलट टोकाला, एका आवश्यकतेला अख्खी फाइल जोडली असेल तर तो दुवा काहीच सांगत नाही. माझी कसोटी अशी आहे : दुव्याची दोन्ही टोके एका माणसाला एका बैठकीत वाचून 'हो, हे यातूनच येते' असे म्हणता आले पाहिजे. ते म्हणता येत नसेल तर बहुधा आवश्यकताच 'आणि', 'तसेच', 'त्याचबरोबर' लावून तीन गोष्टी एकत्र बांधणारी असते. आधी ती फोडावी.

चाचणी करता येत नाही अशा आवश्यकतांचे काय?

त्यांना चाचणीऐवजी विश्लेषण किंवा तपासणी जोडावी, पण काहीतरी जोडलेच पाहिजे. कोड चालायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल याचा हिशेब, स्टॅकचा (चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीचा) वापर, दोन प्रणालींमधल्या माहितीची एकके या गोष्टी नेहमीच्या चाचण्यांतून निसटतात. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावले गेले ते एककांमुळे. माहिती न्यूटन-सेकंदांत द्यायची हे इंटरफेसच्या दस्तऐवजात लिहिलेले होते. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने ती पाउंड-सेकंदांत दिली आणि आकड्यांत सुमारे ४.४५ पटींचा फरक पडला. आवश्यकता स्पष्ट होती. तिची पडताळणी करणारे दुसरे टोक नव्हते.

एक्सेलमध्ये मागोवा ठेवला तर चालेल का? की खास साधन घ्यावेच लागते?

मानके साधन सांगत नाहीत. पन्नास-साठ आवश्यकतांचा प्रकल्प एक्सेलमध्ये नीट चालतो. त्यापुढे आवृत्त्या, बेसलाइन (मंजूर करून गोठवलेली स्थिती) आणि संशयित दुव्यांच्या खुणा हाताने सांभाळणे अवघड होते आणि डोर्ससारखे आवश्यकता सांभाळणारे साधन लागते. कोणतेही साधन घेतले तरी दोन नियम पाळावेत : प्रत्येक आवश्यकतेला न बदलणारा क्रमांक असावा आणि रद्द झालेल्या आवश्यकतेचा क्रमांक पुन्हा कोणाला देऊ नये.

प्रकल्पाच्या शेवटी एकदम मॅट्रिक्स (दुव्यांचा तक्ता) भरली तर काय बिघडते?

मी पाहिलेल्या एका प्रकल्पात असेच झाले होते. ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात दोन नवशिक्या अभियंत्यांना बसवून तक्ता भरून घेतला गेला. त्यांनी शीर्षकांतले शब्द जुळतील तिथे दुवे जोडले. तक्ता पूर्ण दिसत होता. एका चाचणीला इतक्या आवश्यकता जोडलेल्या होत्या की ती चाचणी त्यातले नेमके काय तपासते हे ती लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. दुवा म्हणजे कोणीतरी विचार करून केलेले विधान असते : 'ही खालची गोष्ट पूर्ण झाली की वरची तेवढ्यापुरती पूर्ण होते.' ते विधान डिझाइन करतानाच करता येते, कारण तेव्हाच तो विचार चाललेला असतो. शिवाय मागोव्यातून सापडणाऱ्या चुका शेवटच्या आठवड्यात सापडल्या तर त्या दुरुस्त करण्याऐवजी झाकण्याकडेच कल जातो.

अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बांधण्याच्या, पद्धतीत हे बसते का?

बसते. प्रत्येक स्प्रिंटच्या (अशा एका टप्प्याच्या) पूर्णतेच्या व्याख्येत दुवे आणि त्यांचा आढावा धरावा आणि कोडमधल्या प्रत्येक बदलाबरोबर आवश्यकतेचा क्रमांक द्यावा. फक्त यूजर स्टोरीलाच (वापरकर्त्याच्या नजरेतून लिहिलेल्या कामाच्या नोंदीलाच) आवश्यकता समजू नये. स्टोरी काम संपल्यावर बंद होते, आवश्यकता मात्र उत्पादन वापरात असेपर्यंत जिवंत राहते.

दुवे जोडण्याचे काम भाषा-प्रारूपांना (लँग्वेज मॉडेलना) देता येईल का?

सुचवण्याचे काम देता येईल. शब्द आणि अर्थ जुळवून संभाव्य दुवे काढून देणारी तंत्रे जुनी आहेत आणि नवी प्रारूपे ते काम अधिक चांगले करतात. राहून गेलेला दुवा दाखवण्यात त्यांचा खरा उपयोग होतो. पण मार्स पोलर लँडरची दोन्ही वाक्ये शब्दांच्या पातळीवर उत्तम जुळली असती. जे वाक्यात लिहिलेलेच नाही ते शब्द जुळवून कसे सापडणार? म्हणून सुचवलेला दुवा माणसाने वाचून, स्वतःच्या नावाने स्वीकारेपर्यंत दुवा मानू नये.

मशीन लर्निंगने शिकलेल्या प्रणालींचा प्रश्न याहून कठीण आहे. तिथे खालच्या पातळीची आवश्यकता आणि कोडची ओळ यांच्या जागी लाखो भारांक (प्रशिक्षणातून ठरलेले आकडे) असतात आणि एकेका भारांकाला आवश्यकता जोडता येत नाही. युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने २०२१ पासून यावर मार्गदर्शन देताना भर हलवला आहे तो शिकण्याच्या प्रक्रियेवर आणि प्रशिक्षणाच्या डेटावर, म्हणजे डेटाने कोणत्या परिस्थिती व्यापल्या पाहिजेत याच आवश्यकता म्हणून लिहायच्या आणि त्यांचा मागोवा ठेवायचा.

ऑडिटर नेमके काय पाहतो?

अनुभवी ऑडिटर तक्त्यातली टक्केवारी फारशी पाहत नाही. तो एक धागा निवडतो आणि ओढतो. एखादा धोका घेतो, त्याची आवश्यकता मागतो, तिथून कोडपर्यंत उतरतो, चाचणीची पद्धत उघडतो, निकालाची तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासतो आणि मग उलट, कोडमधले कुठलेही एक फंक्शन उघडून 'हे कोणी मागितले?' असे विचारतो. साधित आवश्यकतांची यादी तो हमखास मागतो. ती यादी रिकामी असेल तर त्याचा संशय वाढतो, कारण एकही साधित आवश्यकता नसलेले खरे डिझाइन सहसा नसते.

जुन्या उत्पादनाचा मागोवा मुळातच ठेवलेला नाही. आता सुरुवात कुठून करावी?

वरून, म्हणजे धोक्यांपासून. सर्वांत गंभीर धोके आधी घ्यावेत, प्रत्येकाला रोखणारा उपाय कोणता ते लिहावे, त्याची आवश्यकता त्या धोक्याकडे पाहून लिहावी आणि त्यानंतरच कोड उघडावा. जिथे दुवा सापडत नाही तिथे 'दुवा नाही' असे उघड लिहून ठेवावे. मोकळी जागा दिसत राहिली तर तिच्यावर काम होते. घाई असली की उलट वाट मोहात पाडते : कोड वाचत जायचा आणि तो जे करतो तेच आवश्यकता म्हणून लिहीत जायचे. तसे केले आणि आपल्या पंपाच्या कोडमध्ये पाचाऐवजी चुकून पन्नास वाचने मोजली जात असतील, तर नवी आवश्यकताही पन्नासच म्हणेल, तिच्यावरून लिहिलेली चाचणीही पन्नासच तपासेल आणि तिन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतील.